तिखटाचा पहिला घास

जयवंत राऊळच्या डब्यात काय असेल, हे आमच्या ऑफिसात झाकण उघडायच्या आधीच सगळ्यांना माहीत असे. काळ्या वाटाण्याची उसळ, नाहीतर लाल भोपळा, हंगामात कोवळ्या फणसाची भाजी, आणि स्क्रूच्या झाकणाच्या बाटलीत सोलकढी. दही नाही, ताक नाही, भातावर तूप नाही. मासा तर नाहीच. वेंगुर्ल्याकडचा माणूस, वडील परळच्या गिरणीत होते, आई बाजारातून मासळीचा वाटा स्वतः निवडून आणणारी, आणि बुधवारी-शुक्रवारी याच्या डब्याला वास नाही. नवीन आलेल्या माणसाला हे खरं वाटत नसे. तो विचारी, "राऊळसाहेब, पोटाचं काही दुखणं आहे का?" जयवंत म्हणे, "नाही, पोट उत्तम आहे." आणि जेवू लागे.

आमची कंपनी अंधेरीला, एमआयडीसीत. औषधांच्या बाटल्यांची बुचं बनवते. आम्ही दोघंही हिशेब खात्यात, आणि राहायलाही दिंडोशीच्या एकाच इमारतीत. तो तिसऱ्या मजल्यावर, मी पहिल्या. त्यामुळे त्याचं बरंचसं आयुष्य मी जवळून पाहिलं. जे पाहिलं नाही, ते त्याने नंतर सांगितलं.

सुरुवात एका तबेल्यापासून झाली. कँटीनच्या चहाचं दूध पातळ येतं अशी तक्रार होती, आणि कँटीन समितीवर आम्ही दोघं होतो. गोरेगावच्या ज्या तबेल्यातून दूध येई, तिथे एकदा सकाळी जाऊन डोळ्यांसमोर धार काढून घ्यायची असं ठरलं. आम्ही गेलो. म्हशींची रांग होती. धार काढणारा माणूस एका म्हशीजवळ बसला, पण तिने पान्हा सोडला नाही. तेव्हा त्याने भिंतीला टेकवलेली एक वस्तू उचलून तिच्या तोंडापुढे ठेवली. ते पारडू होतं, म्हणजे पारडाचं कातडं. आत पेंढा भरलेला, पोटावर सुतळीची शिवण, चार पायांच्या जागी चार काठ्या. म्हशीने ते हुंगलं, चाटलं, आणि चाटता चाटताच तिचं दूध उतरलं.

जयवंतने विचारलं, हे काय आहे. तो माणूस काही लपवत नव्हता. म्हणाला, "बच्चा मर गया, साब. सामने रखो तो छोड़ देती है." भांडं भरलं. दुधात खोट नव्हती. पाणी मध्ये कुठेतरी पडत होतं. तो प्रश्न आम्ही सोडवला आणि परत आलो.

मीही ते पाहिलं होतं. मी चहा घेत राहिलो. जयवंतने त्या दिवसापासून दूध सोडलं.

लोकांना नेहमी वाटे की याने आधी मांस-मच्छी सोडली आणि मग डोकं फिरून दूधही. क्रम उलटा होता. दूध सोडल्यावर दोनेक महिने तो मासे खात होता, आणि तेच त्याला पटेना. मला एकदा जेवताना म्हणाला, "दुधासाठी कोणाला मारत नाहीत असं आपण म्हणतो, तरी मला ते पिववेना. मग ज्यासाठी मारतातच, ते कुठल्या तोंडाने खाऊ?" हे बोलताना समोरच्या डब्यातली सुरमईची तुकडी त्याने माझ्याकडे सरकवली. त्याची ती शेवटची तुकडी. मी ती खाल्ली.

त्याच्यात उपदेश नव्हता. कोणाच्या ताटाकडे बोट दाखवून तो कधी बोलला नाही. तरी माणसं दुखावत. समोरचा माणूस एखादी गोष्ट खात नाही म्हटलं की खाणाऱ्याला उगीचच आपल्याकडे कोणी पाहतंय असं वाटतं. ऑफिसातले हर्षदभाई आधी खूश झाले, म्हणाले, "राऊळ, तू तर आमच्यातला झाला." आठवड्याने त्यांनी घरून आणलेली छास आणि तुपातला सुखडीचा तुकडा पुढे केला. जयवंतने हात जोडले. हर्षदभाईंना ते कळेना. मच्छी सोडणारा माणूस पवित्र होतो, पण तूप नाकारणारा माणूस म्हणजे काय, याला त्यांच्याकडे शब्द नव्हता.

नातेवाइकांकडे मात्र शब्द भरपूर होते. भटजी आले, यांना पाट मांडा. मग गळ्यात माळ कशी नाही? सत्यनारायणाला गेला तर पंचामृताचं तीर्थ हातावर घेऊन तो काय करायचं ते न कळून उभा राही, शिरा नाकारी, आणि यजमानीण वर्षभर ते लक्षात ठेवी. श्रावणात तेवढा तो माणसांत येई. तो महिना सगळेच नुसती भाजी-भाकरी खात, आणि त्याच्या पानाकडे कोणाचं लक्ष जात नसे. मला म्हणे, "श्रावण म्हणजे माझी सुट्टी रे."

तिसऱ्या-चौथ्या वर्षानंतर लोकांनी विचारणं सोडलं. त्याचं पान वेगळं वाढलं जाऊ लागलं, कधी आठवणीने, कधी ते विसरलं जाई आणि तो भात-लोणचं खाऊन उठे. पण आग्रह संपला होता. एखाद्या झाडाला वळसा घालून पायवाट पडावी तसं झालं होतं. एवढीच त्याची सोय होती आणि ती त्याला पुरत होती.

या सगळ्यात ज्या बाईविषयी कोणी काही बोललं नाही, ती त्याची बायको नलिनी. तीही मालवणकडची. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या हातच्या तिसऱ्यांच्या, म्हणजे शिंपल्यांच्या, सुक्याची वाटी आमच्या मजल्यापर्यंत येई. जयवंतने तिला मासे करू नकोस असं कधीच सांगितलं नाही. कर असंही सांगितलं नाही. तिने आपणहून बंद केलं. एका माणसासाठी एक चूल आणि दुसऱ्यासाठी दुसरी, हे तिला नको होतं. बोरिवलीला बहिणीकडे गेली की तिथे खाऊन येई, आणि लिंबाने हात घासून मगच रिक्षात बसे. अकरा वर्षं.

त्या वर्षांत तिने एकदाच काही मागितलं. त्यांची मुलगी श्वेता, तिच्या लग्नानंतर व्याह्यांना जेवायला बोलावलं होतं. त्यांच्यात या जेवणाला कोंबडी-वडे लागतात आणि व्याह्याने व्याह्याच्या ताटात हात घालून एक घास उचलायचा असतो. नलिनीने आदल्या दिवशी त्याला विनवलं, की मुलीच्या सासऱ्यासमोर एकदाच, वड्याला रस्सा लावून नुसता ओठांना टेकवा, पोरीला पुढे ऐकून घ्यावं लागेल. त्याने नाही म्हटलं. शांतपणे म्हटलं, पण नाहीच म्हटलं. व्याही हसून बाजूला झाले, श्वेताने काय ऐकलं ते तिचं तिला माहीत. नलिनी त्या दिवशी सगळ्यांना वाढत राहिली आणि स्वतः जेवली नाही. पुन्हा तिने तो विषय काढला नाही. जयवंतला वाटलं, तिने समजून घेतलं.

समजून घेणारं माणूस खरं तर एक होतं, ते म्हणजे आई. वनमालाबाई धाकट्या मुलाकडे, चंद्रप्रकाशकडे, मालाडला कुरारमध्ये राहत. जयवंतने मासा सोडला हे कळल्यावर त्या दोन दिवस बोलल्या नव्हत्या. तिसऱ्या दिवशी बाजारातून नीरफणस घेऊन आल्या, त्याच्या सुरमईसारख्या कापा केल्या, तिखट-मीठ-कोकमात मुरवल्या, तांदळाच्या पिठात घोळून तव्यावर लाल केल्या आणि त्याच्यापुढे ठेवल्या. म्हणाल्या, "खा. मासोच समज." पुढे तो गेला की कापा ठरलेल्या.

मग त्यांची स्मृती जाऊ लागली. आधी गॅस, मग नावं, मग वर्षं. शेवटच्या वर्षात त्यांच्या लेखी जयवंत पुन्हा शाळेतून आलेला पोरगा होता. चंद्रप्रकाशच्या बायकोच्या, नीलमच्या हातून त्या जेवत नसत. जयवंत आल्यावरच जेवत. म्हणून ऑफिस सुटल्यावर तो रोज मालाडला उतरे आणि पेजेची वाटी घेऊन त्यांच्यापुढे बसे. आणि रोज त्या तोंड मिटून घेत. आधी त्याने जेवलं पाहिजे. गिरणीच्या संपात घरात मासा एकच असे तेव्हा त्या मुलांना वाढून स्वतः नुसती पेज पीत. बाकी सगळं विसरल्या, ते मात्र आठवत होतं.

"बांगडो खाल्लंस?" त्या विचारत.

पहिल्यांदा त्याने खरं सांगितलं, की आये, मी मासे सोडले. त्यांनी पेज घेतली नाही, आणि पोरगं उपाशी आहे म्हणून रडत राहिल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "होय गो आये, खाल्लंय."

"काटो बघून खाल्लंस मा?"

"बघून खाल्लंय."

मग त्यांनी तोंड उघडलं.

पुढचं सगळं वर्ष हे रोज झालं. मला सांगताना तो म्हणाला होता की दुधाला मीठ लागावं तसं तोंडात व्हायचं, पण वाटी रिकामी होई. नीलम स्वयंपाकघरातून ऐके. चंद्रप्रकाश टीव्हीसमोरून ऐके. कोणाला त्यात गैर वाटलं नाही. मलाही वाटलं नाही.

गणपती होऊन गेल्यावर वनमालाबाई गेल्या. थोरला म्हणून अग्नी जयवंतने दिला. दहाव्याला कावळा पटकन शिवला, त्यामुळे ते हत्यार कोणाच्या हाती लागलं नाही. पण राऊळांच्या घराण्यात पुढची एक रीत आहे. तेरावं झालं की मेलेल्या बाईच्या माहेरची माणसं मासे घेऊन येतात. त्या दिवशी घरात पुन्हा तिखट रांधलं जातं. पहिला घास अग्नी देणाऱ्याने घ्यायचा, मग बाकीच्यांनी. तो घास पोटात गेला की सुतक संपलं; मग घरात सण, लग्न, सगळं मोकळं. तोवर कोणी ताटाला हात लावायचा नाही.

आणि चंद्रप्रकाशच्या मुलीचा, श्रुतिकाचा, साखरपुडा ठरलेला होता. मुलुंडची माणसं. त्यांनी फोनवर विचारलं होतं की तुमचं तिखट वगैरे सगळं रीतसर होणार ना, नंतर शंका नको.

चंद्रप्रकाश आदल्या दिवशी दिंडोशीला आला. त्या वेळी मी तिथेच होतो. तो चांगल्या शब्दांत बोलला. म्हणाला की दादा, तुझं ते मी अकरा वर्षं मान्य केलं, एक शब्द बोललो नाही, पण हे तुझं एकट्याचं नाही. जयवंतने सुचवलं की पहिला घास तू घे. तर तो म्हणाला, अग्नी तू दिलास. मग जयवंत म्हणाला की आई माझ्यासाठी नीरफणसाच्या कापा करायची, त्या तिखटात टाका, मी पहिला घास त्याचा घेतो. तिच्याच हातची रीत आहे. चंद्रप्रकाशने तिथूनच मामांना फोन लावला. भाऊरावमामा, वनमालाबाईंचे धाकटे भाऊ, गावाहून येऊन कुरारमध्येच उतरले होते. फोनमधून त्यांचा आवाज मला ऐकू आला. "फणसान सुतक फिटना नाय," ते म्हणाले. आणि फोन ठेवला.

नलिनी आतून चहा घेऊन आली. चंद्रप्रकाशला दुधाचा, जयवंतला कोरा. तो गेल्यावर जयवंत मला म्हणाला, "मी नाही म्हणणार. श्वेताच्या सासऱ्याला म्हटलं, तसंच." मला ते पटलं. मी म्हटलं, मी येईन बरोबर.

दुसऱ्या दिवशी कुरारच्या त्या दोन खोल्यांत तीसेक माणसं होती. भिंतीवर वनमालाबाईंचा फोटो, खाली पाटावर एक वाढलेलं पान. मधल्या खोलीत सतरंज्यांवर पत्रावळी मांडून सगळे बसले. भात वाढला, त्यावर बांगड्याचं तिखलं. नीलमने ते सासूच्या पद्धतीने केलं होतं: तिरफळं ठेचून, कोकम शेवटी, मातीच्या भांड्यात. त्या वासाने जिन्यात उभी असलेली माणसंही आत आली. श्रुतिका दाराला टेकून उभी होती. सगळ्यांनी हात गुडघ्यांवर ठेवले आणि जयवंतकडे पाहिलं.

तो म्हणाला, "मी पानावर बसलो आहे. भाताचा घास घेतो. मला तेवढंच जमेल."

कोणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं तो नंतर म्हणाला. ओरडणाऱ्यांची त्याला सवय होती. भात निवत होता. एक लहान मूल रडलं, त्याला बाहेर नेलं. चंद्रप्रकाश फोटोकडे बघत बसला. शेवटी भाऊरावमामा आपल्या पानावरून उठले. ऐंशीला आलेला माणूस, भिंतीला धरत जयवंतच्या समोर येऊन बसले. त्यांच्या आवाजात राग नव्हता.

"भाच्या," ते म्हणाले, "वर्षभर आवशीक सांगलंस, बांगडो खाल्लंय म्हणान. रोज सांगलंस. ती त्या भरवशार जेवली. खोटा सांगलंस तिका." त्यांनी त्याच्या पानाकडे बोट दाखवलं. "आता ता खरा कर."

हे त्यांना नीलमने सांगितलं होतं, की मामांनीच कधी ऐकलं होतं, ते मला माहीत नाही. जयवंतने माझ्याकडे पाहिलं नाही, नलिनीकडेही पाहिलं नाही. त्याने बांगड्याचा तुकडा मोडला, काटा बाजूला केला आणि तोंडात घातला.

सगळ्यांचे हात एकदम चालू लागले. वाढप्याने ओगराळं बुडवलं, कोणीतरी म्हणालं की वनमाला सुटली. मी जयवंतकडे बघत होतो. मला वाटलं, एक घास घेऊन तो उठेल. तो उठला नाही. मान खाली घालून सगळा बांगडा त्याने काट्यापर्यंत खाल्ला, हळूहळू, काटे पानाच्या कडेला एका रेषेत लावत, लहानपणी शिकवल्यासारखे. चंद्रप्रकाशच्या मुलाने, विकीने, मोबाइलवर फोटो काढला. संध्याकाळपर्यंत तो फोटो त्यांच्या घरच्या ग्रुपवर होता, खाली चंद्रप्रकाशने लिहिलेलं: दादा माणसांत आला. त्यावर अंगठे आणि फुलं.

घरी आल्यावर नलिनीने साडी बदलली, देवापुढे दिवा लावला आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून त्याला म्हणाली, "श्वेताच्या वेळी मी पदर पसरला होता तुमच्यापुढे. नुसतं ओठांना लावा म्हटलं होतं."

तो म्हणाला, आईसाठी झालं ते.

"आईंसाठी झालं, भावासाठी झालं, मामांसाठी झालं. मग मी अकरा वर्षं कोणासाठी थांबले होते?"

त्याने मोरीत जाऊन पुन्हा एकदा हात धुतले.

त्यानंतरच्या शुक्रवारी तिने बाजारातून मांदेली आणली. त्याला विचारलं नाही, त्याला वाढलीही नाहीत. त्याच्यासाठी डाळ-भात, वाटाण्याची उसळ झाकून ठेवली आणि आपलं ताट घेऊन खिडकीशी बसून जेवली. तेव्हापासून बुधवार, शुक्रवार, रविवार हे असंच चालतं. भांडण नाही. भांडण झालं असतं तर मीच मध्ये पडून मिटवलं असतं. दोघं आपापलं जेवतात, आणि भांडी ती एकत्र घासते.

साखरपुडा पार पडला. त्यानंतरच्या रविवारी चंद्रप्रकाशने सगळ्यांना जेवायला बोलावलं आणि भावाच्या ताटात स्वतःच्या हाताने पापलेट वाढलं. जयवंतने ताट बाजूला केलं. सांगितलं की तो एक दिवस होता, मी पुन्हा खात नाही. पूर्वी चंद्रप्रकाश अशा वेळी हसून मान हलवत असे. या वेळी त्याचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "दादा, त्या दिवशी चाललं आणि आज चालत नाही? मग ही नाटकंच म्हणायची." बोलणं तेवढंच झालं, पण जयवंत तिथे पुन्हा गेलेला नाही. श्रुतिकाच्या लग्नाची पत्रिका टपालाने आली.

तो फोटो कोणाकोणाच्या फोनवरून फिरत आमच्या ऑफिसातही आला. जेवणाच्या टेबलावर जो तो आता त्याला विचारतो. अंडं चालेल ना? एक तुकडी घे, कोण बघतंय? त्यांच्या मनात वाईट काही नाही. अकरा वर्षांत ज्या पायवाटेने त्याच्याभोवती वळसा घेतला होता, ती पुन्हा सरळ त्याच्यावरून जाते. हर्षदभाईंनी काही विचारलं नाही, पण आपला डबा ते आता टेबलाच्या दुसऱ्या टोकाला उघडतात. मी त्याच्या शेजारीच बसतो. त्याने काही फरक पडत नाही, हे मला दिसतं.

एवढं मात्र लिहायला हवं, की त्या दिवसानंतर त्याने पुन्हा काही खाल्लेलं नाही. दूध नाही, मासा नाही. डबा तोच आहे. फक्त कोणाचा त्यावर विश्वास नाही.

परवाच्या रविवारी दुपारी तो आमच्या इमारतीच्या आवारात, पाण्याच्या टाकीजवळच्या बाकावर बसलेला दिसला. वरून मासे तळल्याचा वास येत होता. दहा घरांतून येत होता, त्यातलं एक त्याचं. रविवारी तो त्या वेळी खाली येऊन बसतो. मी शेजारी बसलो. आम्हा दोघांचीही निवृत्ती जवळ आली आहे, त्याविषयी थोडं बोललो, भविष्य निर्वाह निधीचे कागद कुठे द्यायचे वगैरे. मग मी त्याला म्हणालो की तू एवढं मनाला लावून घेऊ नकोस. अकरा वर्षांत एक दिवस, तोही म्हाताऱ्या माणसाच्या शब्दासाठी. बाकीचं सगळं तू पाळलंस, आजही पाळतोस.

त्याने ऐकून घेतलं. म्हणाला, "मला वाटलं होतं, उलटी होईल. निदान घशाखाली उतरणार नाही. तसं काही झालं नाही रे. आईच्या हातची चव होती. अगदी तीच. मी खात गेलो."

वर कोणाच्या तरी तव्यावर पुन्हा तेल चरचरलं.

"मामा खोटं बोलले, हे मला तेव्हाही कळत होतं," तो म्हणाला. "मी खाल्लं म्हणून आईला सांगितलेलं खरं होणार नव्हतं. ती गेली होती. पानात आई नव्हती. तरी पुढ्यात ठेवलं आणि..."

त्याने हाताने समोर काहीतरी ठेवल्यासारखं केलं. मग म्हणाला, "तो तबेला आठवतो तुला? मला इतकी वर्षं वाटायचं, ती म्हैस फसते. पेंढ्याला पोर समजते. म्हणून मला तिची कीव यायची." तो म्हणाला, "ती फसत नाही रे. तिला वास येत असणार. तिला सगळं ठाऊक असतं. तरी चाटते."

वरच्या मजल्यावरून नलिनीने हाक मारली, की तुमचं झाकून ठेवलंय. रोजच्यासारख्या आवाजात. जयवंत उठला, पँट झटकली, आणि जिन्याने वर गेला. वास अजून येत होता. थोड्या वेळाने त्यांच्या घरातून नळाचा आणि ताटांचा आवाज आला, आधी एका ताटाचा, मग दुसऱ्याचा.